एकवीस कॉम्प्युटरांची आवणी

दान देणाऱ्यांना फोटो काढता येतो, वायरी गुंडाळता येत नाहीत.

आमच्या आश्रमशाळेत एकवीस कॉम्प्युटर आले ते असे: डबे एका टेम्पोत, पडदे दुसऱ्या टेम्पोत आणि सगळ्या वायरी खताच्या चार गोण्यांत कोंबलेल्या. सातपूरच्या कुठल्याशा कंपनीनं नवे घेतले, जुने नाशिकच्या एका ट्रस्टला दिले आणि ट्रस्टनं ते पेठ तालुक्यात आमच्याकडे चढवले. फीत कापली. हेडमास्तरांना शाल, ट्रस्टच्या यादव साहेबांना नारळ. मुली अर्धा तास चिखलात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग सगळे जेवून गेले आणि गोण्या राहिल्या. मी एक उघडली तर आतून नुसता गोळाच निघाला. डोकं कुठं, शेपूट कुठं, पत्ता नाही.

मी तृप्ती. या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला कंत्राटावर आहे. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही कॉम्प्युटरच शिकवत होते. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला होता. हसू नका. आमच्या मुली पुठ्ठ्यावर मिनिटाला तीस शब्द टाइप करतात आणि एकही चूक होत नाही, कारण पुठ्ठा चूक दाखवत नाही.

मी त्याच दिवशी जोडणी सुरू करणार होते. नाशिक रोडला दोन वर्षं एका झेरॉक्सच्या दुकानात काम केलंय, मालक काही सांगायचा नाही, तो चहाला गेला की त्याच्या मशीनच्या मागं डोकं घालून शिकलेय मी. पण ट्रस्टच्या पत्रात लिहिलं होतं, जोडणी आमच्या तंत्रज्ञाकडूनच होईल, शाळेने हात लावू नये. हेडमास्तर म्हणाले, "तृप्ती मॅडम, लिहिलंय ना? मग नका लावू." ते निवृत्तीला आलेत. निवृत्तीला आलेला माणूस पत्रातला पूर्णविरामसुद्धा पाळतो.

सात आठवडे झाले. तंत्रज्ञ आला नाही, दुसरं पत्र आलं. शुक्रवारी दुपारी दोन वाजता एकवीसच्या एकवीस मशीन एकाच वेळी नेटवर चालू दिसल्या पाहिजेत. प्रत्येक मशीनवर ट्रस्टचं नेटवरचं पान उघडून नाव टाकायचं, यादव साहेब नाशिकहून त्यांच्या पडद्यावर मोजतील. न दिसल्यास सर्व मशीन नाशिक रोडच्या एका इंग्रजी शाळेला देण्यात येतील, "जिथे वापराची क्षमता आहे."

क्षमता. माणूस पाठवायचा तुम्ही, तो पाठवला नाही तुम्ही आणि क्षमता कमी पडली आमच्या मुलींची! त्या मशीन गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा पुठ्ठा. मी चौसष्ट मुलींना तोंडानं सांगून बसले होते की या पावसाळ्यात खऱ्या कीबोर्डवर बोटं ठेवाल. माझं कंत्राट गेलं असतं तर मी दुसरं बघितलं असतं. पण त्या चौसष्ट जणींसमोर खोटं पडायचं, ते मला जमणार नव्हतं.

तंत्रज्ञ उगवला तो शुक्रवारी सकाळी दहाला. ललित त्याचं नाव. एकटाच, पाठीवर बॅग, हातात एक पेचकस. त्या दिवशी आमच्याकडे लाइट होती, हे मुद्दाम सांगते.

"मॅडम, हे दोन दिवसांचं काम आहे," लॅब बघून तो म्हणाला.

"तुमच्याकडे चार तास आहेत."

"मला काल संध्याकाळी सांगितलं ओ. माझ्यावर नका चिडू."

त्याचंही खरं होतं. पोरगा वाईट नव्हता. पण त्याची पद्धत मात्र वाईट होती. टेबलाखाली रांगत जायचं, एका मशीनच्या सगळ्या वायरी गोणीतून शोधायच्या, एकेक लावायची, बाहेर यायचं, गुडघे झटकायचे, चालू करून बघायचं, मग दुसरी मशीन. घाईत त्यानं पडद्याची वायर तिरपी दाबली आणि आतल्या दोन सुया वाकवल्या. साडेअकराला तीन मशीन झाल्या होत्या. मी मनात हिशोब केला आणि सोडून दिला.

त्याच दिवशी पालकसभा होती. ती संपली आणि बाया लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे पालकसभेला बायाच येतात. पुरुष येत नाहीत असं नाही, ते येतात आणि बाहेर तंबाखू मळत बसतात.

पुढं भागीबाई. माझ्या आईच्या गावची, म्हणून माझी मावशी. मागं नवसाबाई, आमच्या वाडीची, माझ्या बापाला भाऊ म्हणते म्हणून माझी आत्या. वाडीत भाताच्या आवणीला नवसाआत्या पहिल्या ओळीला असते, तिच्या ओळीवर बाकीच्यांच्या ओळी चालतात. रोपं लावायचं काम चारच दिवसांपूर्वी उरकलं होतं. सगळ्यांच्या नखांत अजून काळी माती होती.

"ह्यो खाली काय शोधतो?" भागीमावशीनं विचारलं.

"वायरी जोडतोय."

"एकटाच?"

"एकटाच."

"आन त्या पोरी त्या यंत्रावर बसणार कवा?"

मी सगळं सांगितलं. दोन वाजताचं, नाशिक रोडच्या शाळेचं, क्षमतेचं. क्षमता म्हणजे काय ते नवसाआत्यानं विचारलं. मी म्हटलं, "म्हणजे आपल्याला जमत नाही असं त्यांचं म्हणणं."

आत्यानं पदर खोचला.

मी लॅबचं दार सताड उघडलं. चप्पल काढून आत या म्हटलं. पत्र गेलं खड्ड्यात.

"मॅडम!" ललित टेबलाखालून ओरडला. "हात लावू द्यायचा नाहीये कुणाला! माझी नोकरी जाईल!"

"तुझी नोकरी खायला आलो व्हय रं आमी?" भागीमावशी म्हणाली. "आमच्या घरी नागलीची भाकर हाय."

आधी गोण्या जमिनीवर ओतल्या. मी पाच तऱ्हांच्या वायरी उचलून दाखवल्या आणि कुठं जातात ते तिसऱ्या मशीनवर लावून, काढून, पुन्हा लावून दाखवलं. काळी जाड, तिच्या तोंडात तीन भोकं, ती विजेची, एक डब्याला, एक पडद्याला. निळ्या तोंडाची, आत सुयांच्या तीन ओळी, ती डब्यातून पडद्याला. गोल जांभळी कीबोर्डची, गोल हिरवी माऊसची, आणि डब्यावर बरोबर तशीच एक जांभळी जागा, एक हिरवी जागा. पाचवी बारीक, तोंड काचेसारखं, वर एक जीभ. आत गेली की टिच्च वाजते. तिचं एक टोक मशीनमध्ये आणि दुसरं टोक ललितनं सकाळी खोक्यातून काढून भिंतीवर लावलेल्या त्या लांबट डब्यात. त्याला स्विच म्हणतात, त्याच्यातूनच सगळ्या मशीन नेटशी आणि एकमेकींशी बोलतात.

"बस? एवढंच?" नवसाआत्या म्हणाली.

"एवढंच."

"मग ह्यो दोन दिस काय करणार व्हता?"

ललितनं तोंड फिरवलं. मला हसू आलं, पण त्याहून जास्त राग आला. एवढंच असतं. ज्यानं बनवलं त्यानं तोंडं वेगवेगळी केली, वर रंग दिले, की कुणाचीही चूक होऊ नये. आणि मधल्या माणसांनी त्याचं शास्त्र करून ठेवलं. हात लावू नये!

वायरी निवडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. भाताच्या रोपांतून तण वेगळं काढणाऱ्या बाया त्या. पाच ढीग झाले. मग प्रत्येकीनं आपल्या ढिगातल्या वायरी जुडीसारख्या डाव्या हातावर घेतल्या आणि मला काही सांगावंच लागलं नाही. टेबलांच्या मागं ओळ लागली. पहिली दोन्ही काळ्या लावायची आणि मागं सरकायची. तिच्या जागी दुसरी, ती निळी लावायची आणि सरकायची. मग जांभळी, मग हिरवी, शेवटी नवसाआत्या टिच्चवाली घेऊन. पाच बाया, पाच वायरी, मागं मागं चाललेली ओळ. खाचरात जशी चालते तशीच, फक्त गुडघ्यापर्यंत चिखल नव्हता.

"निळ्याला निळं गं बाई, हिरव्याला हिरवं," भागीमावशीनं सूर धरला. बाकीच्यांनी उचलला. पुढची ओळ तिनं तिथंच रचली, त्यात टेबलाखाली अडकलेला एक नाशिकचा जावई होता. ललितचे कान लाल झाले.

"दाबू नका हां, दाबू नका, सुया वाकतात!" तो मागून मागून पळत होता.

"रोपाचं मूळ वाकलं तर रोप मरतं, ठावं हाय का तुला?" निळ्या वायरवाली म्हणाली. "आमी दाबत नाय. तू दाबतो."

पंधरा मशीन झाल्यावर त्यानं सुया तपासायचं सोडून दिलं. एकही वाकली नव्हती. त्याच्या दोन सोडून. मग तो पेचकस खिशात घालून निळ्या वायरींचे स्क्रू आवळायला बसला, ओळीच्या अगदी शेवटी. सहावा.

एक वाजून पाच मिनिटांनी शेवटची मशीन लागली. बटणं दाबली. एकवीस पडदे एकामागून एक उजळले आणि बायांनी जे ओरडून घेतलं ते ऐकून बाहेर तंबाखू मळणारे पुरुष उठून बघायला आले. भिंतीवरच्या स्विचवर हिरवे दिवे लागले, चोवीसच्या चोवीस, आणि सगळे फडफड फडफड लुकलुकायला लागले.

"दिवाळी गं!" नवसाआत्या म्हणाली.

मीही टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नेट लागेना. एकाही मशीनवर लागेना. पहिली, पाचवी, एकविसावी, सगळीकडे तेच, कोपऱ्यात लाल फुली, जोडणी नाही. ललितनं राउटर बंद करून चालू केला. स्विच बंद करून चालू केला. दिवे पुन्हा तसेच फडफडले. भिंतीतून येणारी नेटची वायर त्यानं थेट आपल्या लॅपटॉपला लावली, तर नेट धावत होतं. स्विचला लावली की सगळं मुकं.

"स्विच गेला, मॅडम," तो म्हणाला. कपाळावर घाम. "नवा आणावा लागेल. नाशिकहून."

जायला दीड तास, यायला दीड तास. एक वाजून पस्तीस झाले होते.

बायांची ओळ जिथं होती तिथं खाली बसली. भागीमावशी माझ्याकडे बघत होती आणि मला कुणाकडेच बघवत नव्हतं. सात आठवडे तो स्विच खोक्यात धड होता आणि आज मेला? मला ते पटेना. मेलेलं काही इतकं फडफडत नाही. मी स्विचसमोर जाऊन उभी राहिले. चोवीस भोकं, चोवीस दिवे, सगळे एकाच तालात, वेड लागल्यासारखे.

चोवीस.

एकवीस मशीनच्या एकवीस. भिंतीतून आलेली एक. बावीस झाले. मग हे दोन कुणाचे?

"नवसाआत्या," मी म्हटलं, "तुझ्याकडची एक वायर उरली होती ना?"

"उरली नाय," आत्या ठसक्यात म्हणाली. "लावली की."

"कुठं?"

ती उठली आणि कोपऱ्यातली दोन भोकं दाखवली. एक पिवळी वायर पहिल्या भोकातून निघून, छान वळण घेऊन, शेजारच्याच भोकात गेली होती. टिच्च, टिच्च. दोन्ही टोकं.

ललितनं कपाळावर हात मारला. "आई शप्पथ! लूप!"

"काय म्हणतो ह्यो?"

"अगं आत्या, तीच तर भानगड आहे," मी म्हटलं. "हा डबा एक शब्द बोलला की तो या टोकातून निघतो आणि त्या टोकातून परत त्याच्याच कानात. मग तो तेच पुन्हा बोलतो. आणखी जोरात. पुन्हा ऐकतो, पुन्हा बोलतो. आपल्याच बोलण्यातून त्याला वेळ नाही, बाकीच्या एकवीस जणींचं काय ऐकणार?"

"हेडमास्तरसारखा," मागून कुणीतरी म्हणालं. दारात हेडमास्तर उभे होते. आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं.

नवसाआत्या मात्र हसली नाही. "मग दोन भोकं मोकळी ठेवायची व्हती?"

"हो."

"आन वायर हातात धरून बसायचं?"

"बाजूला ठेवायची."

"असं कसं?" तिचा आवाज चढला. "चाळीस वर्सं आवणी करते मी. माझ्या ओळीत मोकळी जागा दाखव मला कुणी. रोप उरलं आन जागा उरली तर लावायचं, नायतर तितं तण येतं. तुझ्या डब्यात दोन जागा मोकळ्या, माझ्या हातात दोन टोकं. मी लावलं. चुकलं काय माझं?"

काही चुकलं नव्हतं. मी तिला सांगितलं होतं एक टोक इकडे, दुसरं टोक तिकडे. उरलेल्या भोकांचं काय करायचं हे मी सांगितलंच नव्हतं. मोकळं भोक मोकळंच ठेवायचं असतं, हे मला इतकं सोपं वाटत होतं की ते सांगायचं असतं हेच सुचलं नाही. माझ्या त्या झेरॉक्सवाल्या मालकाची आणि माझी जात त्या घटकेला एकच झाली.

"तुझं नाही चुकलं, माझं चुकलं," मी म्हटलं. "ती जागा उद्या मशीन वाढल्या तर लागते."

"मग तवाच पाडायची भोकं," आत्या म्हणाली, पण तिनंच पुढं होऊन जीभ दाबली आणि पिवळी वायर अलगद उपसली. आधी एक टोक, मग दुसरं.

दिवे थांबले. सगळे एकदम. मग एक लुकलुकला, थोडं थांबून दुसरा, मग पलीकडचा. माणसं जशी एकेक करून बोलतात तसे. पहिल्या मशीनवरची भागीमावशी ओरडली, "हितलं लाल फुलीचं गेलं!" मग तिसऱ्यावरून, मग सातव्यावरून. मी ओळीतून पळत सुटले. ललित दुसऱ्या बाजूनं. प्रत्येक मशीनवर ट्रस्टचं ते पान उघडायचं, नाव टाकायचं, पुढं. सतराव्यावर कीबोर्ड लागेना, बघितलं तर जांभळी जरा सैल होती. जांभळीवाली धावली. दोनला दोन मिनिटं कमी असताना एकविसावी लागली.

माझा फोन वाजला. यादव साहेब. मी स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"हं, बघतोय," ते म्हणाले. मग पुटपुटत मोजायला लागले. "अठरा, एकोणीस, वीस. एकवीस. दिसतायत." आवाजात जरा आश्चर्य होतं, मला ते आवडलं नाही. "ललित, शाबास. एकट्यानं चार तासांत?"

ललितनं माझ्याकडे बघितलं, मग बायांकडे. तो सहज हो म्हणू शकत होता. मी काही म्हणाले नसते, त्याची नोकरी होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "मी तीन जोडल्या. बाकीच्या मुलींच्या आयांनी."

साहेबांचा आवाज कडक झाला. "पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, हात लावू नये."

"काढून टाकू का, साहेब?" मी म्हटलं. "पाच जणी उभ्या आहेत. दहा मिनिटांत सगळं सुटं करून देतील. मग तुमचा माणूस दोन दिवसांत पुन्हा लावेल. आणि तुम्ही तिसरं पत्र पाठवा."

हेडमास्तरांनी दाराची चौकट धरली.

"तसं नाही हो, मॅडम. मी अहवाल देतो. काय ठरेल ते पत्रानं कळवतो."

"पत्र नको. सात आठवडे आम्ही पत्रंच वाचतोय. तुमची अट एकवीसची होती. एकवीस तुम्ही स्वतः मोजल्या. आता मशीन कुठं राहणार ते तोंडानं सांगा. स्पीकर चालू आहे, सगळ्या ऐकतायत."

"राहतील," ते म्हणाले.

"कुठं राहतील ते नीट सांग म्हणावं त्याला," भागीमावशी फोनवर वाकून म्हणाली.

एक खोकला ऐकू आला. "तुमच्या शाळेत राहतील. अट पूर्ण झाली. तसं लेखी देतो आजच."

पुढचं त्यांना ऐकू आलं नसणार, कारण आम्हालाच एकमेकींचं ऐकू येत नव्हतं. नवसाआत्यानं मला कमरेला धरून उचललं. मी काही हलकी नाही. कुणीतरी ललितच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा पडला. हेडमास्तर आत आले, टेबलावर दोनदा हात आपटून "वा, वा" म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले. म्हातारा मनाचा चांगला आहे, फक्त पत्राला भितो.

मग भागीमावशीनं व्हरांड्यात जाऊन हाक मारली, "या गं पोरींनो!" जेवणाची ओळ मोडून चौसष्ट मुली आल्या. काहींच्या हातात ताटं तशीच. एकवीस खुर्च्या. एका खुर्चीत तिघी, चौथी मागून लोंबलेली, आया कडेला उभ्या राहून आपापल्या पोरीला सांगतायत, त्या जांभळीला धक्का लावू नको, ती मी लावलीये.

मी ओरडले, "एका खुर्चीत दोघीच! ताटं बाहेर!"

कुणीही ऐकलं नाही. मीही दुसऱ्यांदा ओरडले नाही.